ज्याचे शेत, त्याचे काय?

नवेगाव बांधच्या आभाळात पाखरे जास्त आणि विमाने कमी. हिवाळ्यात तलावावर परदेशी बदके उतरतात, ती पाहायला लांबून माणसे येतात. पण गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे. इंग्रजांनी १९४० च्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली ती धावपट्टी. अलीकडच्या वर्षांत तिथे वैमानिक घडवण्याचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि लहान विमानाची घरघर आमच्या जिल्ह्यातल्या पोरांच्या ओळखीची झाली. आवाज आला की वर्गातल्या साऱ्या माना खिडकीकडे वळतात. मी रागावतो आणि स्वतःही एकदा पाहून घेतो.

असाच एकदा आवाज आला तेव्हा मूल्यशिक्षणाचा तास चालू होता. विषय हातचा निसटलाच होता, म्हणून मी मुलांपुढे एक कोडे टाकले. समजा, विमान लहान आहे. आत एकटा पायलट. इंजिन बंद पडले. खाली एका बाजूला गाव, शाळा नुकतीच सुटलेली. दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, रोवणी झालेली, माणूस नाही. कुठे उतरावे? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, ‘बांधी में, सर!’ मी खूश झालो. एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘सर, जिसकी बांधी है उसका क्या?’

वर्ग हसला. मीही हसलो. म्हणालो, ‘बेटा, यहाँ जान बच रही है और तू धान की बात करती है?’ ती खाली बसली. तिचे वडील दुसऱ्याची जमीन बटईने करतात हे मला ठाऊक होते, पण त्या क्षणी आठवले नाही.

तास संपला, प्रश्न मात्र संपला नाही. तो माझ्यामागे घरापर्यंत आला. का आला, ते शेवटी सांगतो. आधी विमानाचे पाहू, कारण हे कोडे मी ज्या सहजपणे घातले तेवढे ते सहज नाही.

इंजिन बंद पडले म्हणजे विमान दगडासारखे खाली येते, असा आपला समज असतो. तसे होत नाही. सेसना १७२ हे जगभर शिकाऊ वैमानिक वापरतात ते चार आसनी विमान. इंजिन थांबल्यावर नाक योग्य कोनात ठेवले आणि वेग ताशी साधारण १२० किलोमीटर राखला, तर ते घारीसारखे तरंगत येते. एक किलोमीटर खाली येईपर्यंत नऊएक किलोमीटर पुढे जाते. तीन हजार फुटांवर असेल तर हाताशी चारएक मिनिटे असतात आणि सात-आठ किलोमीटरच्या आत जी जमीन मिळेल ती. चार मिनिटे म्हणजे वजू करून दोन रकात नमाजही घाईनेच होईल, एवढा वेळ.

त्या चार मिनिटांची शिस्त ठरलेली आहे. पहिले काम विमान उडते ठेवणे, म्हणजे वेग सांभाळणे. दुसरे, उतरायची जागा ठरवणे. मग वेळ उरला तर इंजिन पुन्हा सुरू होते का ते पाहणे: इंधनाची कळ, हवा-इंधनाचे मिश्रण, प्रज्वलनाची चावी. त्यानंतर ‘मेडे’ म्हणून हाक देणे. बोलणे शेवटी येते, हे मला फार आवडले. आपण संकटात आधी बोलतो. जमीन जवळ आली की इंधन बंद, वीज बंद, आणि दार आधीच थोडे उघडून ठेवायचे, कारण आदळल्यावर चौकट वाकली तर ते उघडत नाही. वाऱ्याच्या तोंडावर उतरायचे, म्हणजे जमिनीला टेकताना वेग कमी राहतो. वेग निम्मा झाला की धडकेची ताकद चौथाई होते, हे शाळेच्या विज्ञानात आम्ही शिकवतोच. इथे त्यावर माणूस जगतो किंवा मरतो. शेत नांगरलेले असेल तर तासाच्या दिशेने उतरायचे, आडवे नाही. पाणी भरलेल्या बांधीत चाके रुतून विमान उलटण्याची भीती. आणि तारांपासून सावध. वरून तार दिसत नाही, म्हणून खांब शोधायचे असे शिकवतात. ही गोष्ट आमच्या भागाने फार महागात शिकली आहे. एप्रिल २०१७ मध्ये गोंदियाहून उडालेले प्रशिक्षण विमान वैनगंगेवर ताणलेल्या तारेला अडकून पडले. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेले. मार्च २०२३ मध्ये बिरसीहूनच निघालेले आणखी एक विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळले, त्यातलेही दोघे वाचले नाहीत.

या सगळ्या शिस्तीत एक वाक्य वारंवार येते: मोकळी जागा निवडा. मोकळी म्हणजे काय? वरून पाहणाऱ्याला जी मोकळी दिसते ती. तीन हजार फुटांवरून आमच्या बांध्या हिरव्या चौकोनांची गोधडी दिसत असतील. धुऱ्यावर ठेवलेली भाकरीची गाठोडी वरून दिसत नाहीत. ओणवी होऊन रोवणी करणारी बाईही कदाचित दिसत नसेल.

पायलटला मी दोष देत नाही. त्याने तीच जागा निवडावी, तिच्या चूक-बरोबरबद्दल माझ्या मनात शंका नाही. २५ जुलै २०२२ ला पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडी नावाच्या गावी हेच घडले. बारामतीहून एकटीने सराव उड्डाणाला निघालेली बावीस वर्षांची मुलगी, दोन आसनी सेसना १५२, आणि सकाळच्या वेळी ते विमान शेतात येऊन पडले. विमान मोडले, मुलगी किरकोळ जखमांवर बचावली. गावकरी धावले, त्यांनी तिला मदत केली. हे वाचून कुणालाही बरे वाटेल. एका अनोळखी मुलीसाठी धावणाऱ्या त्या गावकऱ्यांपैकी कुणी तिचे नाव-गाव, जात-धर्म विचारून मग धावले नसेल. मी तर म्हणेन, त्या दिवसाची खरी बातमी हीच होती. पण मी वाचलेल्या बातम्यांत शेत केवळ ‘शेतात’ एवढ्या एका शब्दापुरते होते. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी तीच बातमी पुन्हा वाचली, तेव्हा तो शब्द डोळ्यांत खुपू लागला. अशा वेळी विमानाने होते त्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान नंतर पाहायला लोटलेल्या गर्दीने होते. आमच्याकडे रस्त्यावर ट्रक उलटला तरी शेजारच्या शेताची होळी होते, विमान तर दूरच.

इथे मला पुस्तकांकडे वळावे लागते, कारण हा प्रश्न जुना आहे. फिलिपा फूट नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ साली एक निबंध लिहिला. त्यातले ट्रामचे उदाहरण आज जगभर गाजते: ब्रेक निकामी झालेली ट्राम, एका रुळावर पाच माणसे, दुसऱ्यावर एक, चालकाने काय करावे? बी.एड.च्या पुस्तकांतून, व्याख्यानांतून, आता संगणकाने चालणाऱ्या मोटारींच्या चर्चेतूनही हीच ट्राम धावते. फार थोड्यांना ठाऊक असते की त्या निबंधात ट्रामच्या आधी विमान आले आहे. कोसळू पाहणारे विमान दाट वस्तीवरून विरळ वस्तीकडे वळवावे का, याचा विचार करणारा पायलट. पुढे तुलना नेमकी व्हावी म्हणून बाईंनी ट्राम घेतली आणि विमान मागे पडले.

माझ्यासारख्या माणसाला विमानच जास्त लागू पडते. ट्रामच्या रुळावरची माणसे कुणीही असू शकतात. विमानाच्या उदाहरणात मात्र ‘विरळ वस्ती’ असा शब्द आहे, आणि आम्ही त्या विरळ वस्तीचे रहिवासी आहोत. गणित करणारा माणूस शहराच्या बाजूला उभा राहून करतो. उत्तर नेहमी आमच्या बाजूला येते. आमच्या तालुक्यातल्या इटियाडोह धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना ‘पुष्कळांचे भले’ या शब्दांचा अर्थ कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. धरण नको होते असे मी म्हणत नाही. त्याच पाण्यावर पुष्कळांचे धान पिकते, माझ्या ताटातला भातही त्यातूनच येत असेल.

आपल्या कायद्यानेही हे गणित कधीचे सोडवून ठेवले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८१ खाली एक उदाहरण होते. आगबोटीच्या कप्तानापुढे अचानक अशी वेळ येते की सरळ गेला तर वीस-तीस माणसांची नाव चिरडेल. वळवली तर दोघांच्या नावेला धोका, पण ती कदाचित चुकेलही. त्याने वळवली आणि ती दोघांची नाव बुडाली, तर तो गुन्हेगार नाही. जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली तरी ते तत्त्व तसेच पुढे आले. मात्र त्यात एक अट आहे, जी आपण विसरतो. कप्तानाची स्वतःची चूक किंवा हयगय नसताना ती वेळ आलेली असली पाहिजे.

नावेवरून आठवले. आपल्याकडेही नावा आहेत. इमाम गझाली (र.) यांचा इंतकाल ११११ सालचा, म्हणजे फूटबाईंच्या साडेआठशे वर्षे आधीचा. त्यांच्या ‘अल-मुस्तस्फा’ या ग्रंथात बुडणाऱ्या नावेचा प्रश्न आहे. एकाला पाण्यात टाकले तर बाकीचे वाचतात, नाहीतर सगळे बुडतात. टाकावे का? इमाम साहेब म्हणतात, नाही. चिठ्ठ्या टाकूनही नाही. मूठभरांचे प्राण वाचवणे म्हणजे साऱ्या उम्मतीचे प्राण वाचवणे नव्हे, तेवढ्यासाठी निरपराधाला हाताने मरणात ढकलता येत नाही. मला वाटते, बोट वळवणे आणि माणूस उचलून फेकणे यात जो फरक फूटबाई शोधत होत्या, त्याच्या आसपास इमाम साहेब कधीचे पोचले होते. आपण शाळामास्तर मात्र ट्राम शिकवतो. याची मला थोडी लाज वाटते. दोन्ही एकत्र शिकवायला काय हरकत आहे?

दुसरी नाव तर प्रत्येकाच्या ओळखीची. सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अ.) ज्यांच्या मागे चालले ते अल्लाहचे बंदे, ज्यांना आपण हजरत खिज्र म्हणतो, गरीब नावाड्यांच्या नावेला भोक पाडतात. मूसा (अ.) संतापतात. नंतर कळते की पुढे एक राजा चांगल्या नावा जबरीने हिसकावून घेत होता. मोडकी नाव सुटली. थोडे नुकसान सोसून मोठे टळले. वैमानिकांच्या तालमीतही असेच सांगतात की इंजिन गेले की विमानाचा मोह सोडावा. पंख झाडाला घासले, चाके तुटली तरी चालेल, आतला माणूस वाचला पाहिजे. पण एक बारीक गोष्ट पाहा. खिज्रांनी नाव मोडली ती ज्यांची होती त्यांच्याच भल्यासाठी. नावाड्यांचे नुकसान करून दुसऱ्या कुणाला वाचवले, अशी ती कथा नाही. शेतात उतरणाऱ्या विमानाला ती कथा तेवढ्यापुरती लागू पडत नाही. शेतकऱ्याचा त्यात काहीच फायदा नसतो.

मग शेतकऱ्यासाठी आपल्या परंपरेत काय आहे? आहे. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात अहमद जव्दत पाशांच्या देखरेखीखाली हनफी फिक्हवर आधारलेला दिवाणी कायदा तयार झाला, त्याला ‘मजल्ला’ म्हणतात. सुरुवातीला नव्याण्णव सूत्रे आहेत. एक सूत्र आपल्या सगळ्यांच्या तोंडी असते, मौलवी साहेबही वारंवार सांगतात: नाइलाजाने मनाई असलेली गोष्ट मुबाह होते. उपाशी मरणाऱ्याला मुर्दारही चालते, हे कुरआनमध्येच आहे. पण थोडेच पुढे, तेहतिसाव्या कलमात, दुसरे सूत्र आहे, जे क्वचित ऐकू येते. नाइलाज दुसऱ्याचा हक्क बुडवत नाही. सोबत उदाहरण दिले आहे ते इतके घरगुती की वाचताना मला आमच्या वस्तीतले कुणी सांगतेय असे वाटले: भुकेने कासावीस झालेल्या माणसाने दुसऱ्याचे अन्न खाल्ले, तर त्याची किंमत त्याला भरून द्यावी लागेल.

खाल्ले हा गुन्हा नाही, आणि पैसे मात्र द्यायचे. मला हे समजायला वेळ लागला, कारण आपल्या मनात दोन्ही एकत्र असतात. पैसे द्यायचे म्हणजे चूक झाली असणार, आणि चूक झाली नाही तर पैसे कशाचे? फिक्ह या दोहोंना वेगळे ठेवते. अल्लाहचा हक्क वेगळा, बंद्याचा हक्क वेगळा. पहिल्यात माफी मागता येते, दुसऱ्यात ज्याचे त्याला पोचवावे लागते. शहीदाचेही सारे गुनाह माफ होतात, पण कर्ज नाही, ही हदीस आपण जनाजाच्या वेळी ऐकतो. म्हणूनच तर मय्यत उचलण्याआधी वारस विचारतात, कुणाचे काही देणे राहिले आहे का?

ट्रामचे कोडे इथे मला अपुरे वाटते. ते निर्णयाच्या क्षणी संपते. चालकाने दांडा ओढला की गोष्ट संपली, वर्गात हात वर झाले, गुण मिळाले. मुलीने जो प्रश्न विचारला तो दुसऱ्या दिवशी सकाळचा होता.

आणि एक प्रश्न आदल्या दिवशीचाही असतो. २८ जून २०१८ ची घाटकोपरची घटना आठवा. जुहूहून चाचणी उड्डाणाला निघालेले किंग एअर जातीचे छोटे विमान भर दुपारी दाट वस्तीत कोसळले. पडले ते बांधकाम चालू असलेल्या जागी. कामगार जेवायला गेले होते, म्हणून मोठा अनर्थ टळला. दोन वैमानिक, दोन अभियंते गेले, आणि रस्त्याने चाललेला एक माणूस. सहवैमानिक मुसलमान महिला होती. त्या दिवसांत आपल्या लोकांनी तिचे छायाचित्र किती अभिमानाने एकमेकांना पाठवले होते, मला आठवते. मीही पाठवले होते. वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर नेले आणि शेकडोंचे प्राण वाचवले असे देशभर म्हटले गेले. एकेकाळी नागरी विमान वाहतूक मंत्री राहिलेले आमच्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल यांनीही वैमानिकाच्या प्रसंगावधानाला सलाम केला होता.

त्या शेवटच्या क्षणांत आत काय घडले, कुणी काय ठरवले, हे बाहेरच्या माणसाने छातीठोकपणे सांगू नये असे मला वाटते. मरणाऱ्याला आपण थोर करतो, त्यात आपलीही एक गरज असते. पण तिच्या पतीने त्या दिवशी वार्ताहरांना जे सांगितले ते मला सलामांपेक्षा जास्त लक्षात राहिले. हवामान खराब होते, हे उड्डाण टाळता आले असते. म्हणजे खरा निर्णय आकाशात झाला नव्हता. तो जमिनीवर, सकाळी, घाईत कुणीतरी केला होता. कायद्यातली ती ‘स्वतःची चूक नसताना’ ही अट इथे आडवी येते. नाइलाज जर आपणच तयार केला असेल तर त्याचा आधार घेता येतो का? कुरआनने मुर्दार खाणाऱ्याला सूट दिली तीही हद्द न ओलांडणाऱ्याला, मनात खोट नसणाऱ्याला. बद्दूने रसूलुल्लाहना (स.) विचारले होते की उंट बांधू की अल्लाहवर भरवसा ठेवू, उत्तर होते, आधी बांध. उंट न बांधता निघालेल्यांचा भरवसा पुष्कळदा दुसऱ्याच्या डोक्यावर येऊन पडतो.

आणि तो पाचवा माणूस. रस्त्याने चाललेला. त्याने कुठलेही विमान घेतले नव्हते, कुठलाही निर्णय केला नव्हता. त्याच्या नावाने कुणी सलाम पाठवल्याचे मला आठवत नाही. मीही पाठवला नव्हता.

आता माझे सांगतो.

२०१३ चा जुलै संपत आला होता. मी तेव्हा बी.एड. करत होतो, सुटीत घरी आलो होतो. रात्री अब्बांच्या छातीत कळ आली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि पक्क्या सडकेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या नाल्याला पूर आला होता. जीप पलीकडे जाणे शक्य नव्हते. शेजारच्या पोराकडे ट्रॅक्टर होता. तो म्हणाला, ‘भाई, वरच्या अंगाने बांध्यांतून काढतो, नाला तिकडे उथळ आहे.’ ट्रॉलीत गादी टाकली, वर ताडपत्री धरली, आणि निघालो. रोवणी होऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. ट्रॅक्टरच्या उजेडात पऱ्ह्यांच्या हिरव्या ओळी दिसत होत्या आणि चाकाखाली जात होत्या. धुरे फुटत होते, पाणी खळाळत खालच्या बांधीत उतरत होते. मला ते दिसत होते. अब्बांचा हात माझ्या हातात होता, आणि खरे सांगायचे तर त्या धानाबद्दल माझ्या मनात काहीही आले नाही. यायला हवे होते असेही मी आज म्हणणार नाही.

अब्बा वाचले. पुढे चार वर्षे जगले.

बांध्या एका विधवा बाईच्या होत्या. तिला सगळे काकी म्हणतात. दवाखान्यातून परत आल्यावर अब्बांनी एकदा विचारले, ‘उस काकी का हिसाब किया क्या?’ मी म्हणालो, करतो. नंतर आणखी एकदा विचारले. मी म्हणालो, ‘अब्बा, त्यांनी काही म्हटले नाही.’ ते गप्प झाले. २०१७ साली ते गेले तेव्हा जनाजापुढे भावाने रीतीप्रमाणे सर्वांना विचारले की मरहूमचे कुणाला काही देणे असेल तर सांगा. मी शेजारीच उभा होतो. काकी तिथे नव्हती, असण्याचा प्रश्नच नव्हता. मला तेव्हाही आठवले नाही, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. आठवले होते. मजबुरी थी, एवढे म्हणून मी ते बाजूला सारले.

ती वर्गातली मुलगी हे काही जाणत नव्हती. पण तिने विचारले आणि मी तिला हसून खाली बसवले, तेव्हा मी नेमके कुणाला खाली बसवले हे मला त्याच संध्याकाळी कळून चुकले होते. तरी जायला मला दोन महिने लागले. इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने जायचे? पैसे दिले तर तिचा अपमान होईल, असेही एक सोयीचे कारण मी शोधून ठेवले होते. आपण श्रीमंताचे कर्ज ठेवत नाही, अपमान होईल ही काळजी फक्त गरिबाच्या वाट्याला येते.

धान चुरून झाले होते. काकी अंगणात सुपाने पाखडत होती. मी सलाम-नमस्कार केला, बसलो, बराच वेळ इकडचे तिकडचे बोललो. मग सांगितले की त्या वर्षी रात्री आमचा ट्रॅक्टर तुमच्या बांध्यांतून गेला, चार बांध्यांचे नुकसान झाले, त्याचे राहून गेले. पाचशेच्या पाच नोटा तिच्यापुढे ठेवल्या.

ती आश्चर्यचकित होईल, नको नको म्हणेल, असे मला वाटले होते. तिने सूप खाली ठेवले.

‘चार नाही, मास्तर,’ ती म्हणाली. ‘तीन. चौथ्या बांधीचा धुरा पान्यानंच फुटला होता, तुमच्या टॅक्टरच्या आधी. मी सांजेलाच पाहून आली होती.’

बारा वर्षे झाली होती. तिने बांध्या मोजून ठेवल्या होत्या.

मग तिने सगळे सांगितले. सकाळी तिने चाकांच्या खुणा पाहिल्या, कुणाच्या ते तिला लगेच कळले, आणि का ते दुपारी कळले. उरलेले पऱ्हे दीड बांधीला पुरले, बाकीची तशीच राहिली. त्या साली धान कमी झाले म्हणून मुलीचे लग्न एक वर्ष पुढे गेले. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, पाऊस किती पडला ते सांगावे तसे सांगितले. ‘तुमचे अब्बा वाचले ना बा, ते बरं झालं,’ म्हणाली. ‘मी आली नाही मागाले. मानूस आजारी असताना कसं यायचं? मंग ते बरे झाले तवा वाटलं, तुमीच येसान.’

नोटा तिने उचलल्या. बोटाला थुंकी लावून एकेक मोजली. एक नोट काढून माझ्यापुढे ठेवली.

‘ही चौथ्या बांधीची,’ म्हणाली.

मी ती परत घ्यायला कचरलो. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी मुकाट्याने खिशात टाकली. नंतर तिने चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत ती दारात उभी राहून नाल्याच्या दिशेने पाहत होती.

‘पान्याचे दिवस आले की अजून तसाच भरते,’ ती म्हणाली. ‘पुलाचं काय झालं, मास्तर? तुमी शिकलेले लोक हाव, कोनाले विचारलं का कदी?’